पट्टा सोडायला झालेला उशीर

रेवाच्या पेटीत सहा नळ्या होत्या : चार पिवळ्या टोपणाच्या, दोन जांभळ्या. शिवाय कापूस, स्पिरिट, सुया आणि दंडाला आवळायचा एक निळा पट्टा. नव्हता तो फक्त सराव. घरोघरी जाऊन रक्त घेणारा दीपेश तापाने पडला, म्हणून पनवेलच्या लॅबमध्ये एरवी यंत्रापुढे बसणारी रेवा आज रोडपालीला आली होती.

दार एका उंच तरुणाने उघडलं.

"दीपेश केवढा बदलला!"

"वजन उतरवलंय त्याने," रेवा म्हणून गेली, आणि स्वतःच्याच धिटाईने दचकली.

"एरियल, आत तरी घे तिला!" आतून त्याच्या आई अबीगेल रोहेकर ओरडल्या. त्यांना मूत्रपिंडाचा जुना आजार, त्यामुळे दर महिन्याला कॅल्शियम तपासायचं. डावा हात पुढे कधी डायलिसिस लागलं तर त्यासाठी राखलेला. उजव्यावर शीर सापडेना. रेवाने पट्टा आवळला.

"मूठ घट्ट मिटा, मावशी."

"हा उद्या रात्री चाललाय इस्रायलला. दोन वर्षं नोकरी," मावशी कुरकुरल्या. "जायच्या आधी एखादी मुलगी बघ म्हटलं, तर ऐकत नाही."

"बघतोय की…" एरियल म्हणाला. रेवाकडे बघत.

तिने मान वर केली. त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. एकच. तिने खात्री करून घेतली.

"काय शोधताय?"

"शीर…"

"ती माझ्या कपाळावर आहे?"

"अगं, माझा हात बधिर झाला!" मावशी म्हणाल्या.

दुपारी यंत्राने आकडा दाखवला आणि रेवा ताडकन उभी राहिली. कॅल्शियम १०.६! मावशींचं कधी साडेनवाच्या पुढे गेलं नव्हतं. तिने पुन्हा लावलं. तेच. रिपोर्ट डॉक्टरांकडे गेला.

संध्याकाळी एरियलचा फोन आला.

"आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवायला सांगितल्यात. मुंबईला न्यायचंय, भरती करतील कदाचित. मी… तिकीट रद्द करतोय. आईला असं टाकून कसा जाऊ?"

तो जाणार नाही! रेवाला आनंद झाला— आणि त्या आनंदानेच ती मुळापासून हादरली. तिने रिपोर्ट पुन्हा पुढे ओढला. प्रथिनंही वाढलेली होती, अगदी त्याच प्रमाणात. एका महिन्यात? नाही. पट्टा फार वेळ आवळलेला राहिला की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, आणि प्रथिनांना धरून असलेलं कॅल्शियमही जास्त भरतं. मावशींना काही झालं नव्हतं. झालं होतं ते रेवाला.

गप्प बसली असती तर तो राहिला असता.

"तिकीट ठेवा," ती म्हणाली. "गोळ्यांचं मी डॉक्टरांशी बोलते. सकाळी येऊन पुन्हा रक्त घेते. चूक माझी आहे."

सकाळी तिने पट्टा बाहेर काढलाच नाही. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मावशींच्या हातावर ठेवला. शीर आपली आपण वर आली.

"काल पट्टा सोडायला उशीर झाला," नळी भरून झाल्यावर ती म्हणाली.

"का पण?" एरियलने विचारलं.

"तुमच्या भुवईत एक पांढरा केस आहे. तो… बघत राहिले."

"अगं बाई!" मावशींनी कापूस दाबायचा सोडून तोंडावर हात ठेवला.

एरियल होता तिथेच स्टुलावर बसला.

"मी रात्री देवाकडे मागत होतो," तो म्हणाला, "आईला काही नसू दे… आणि मला इथेच राहू दे. दोन्ही एकदम."

"दोन्ही नाही मिळायचं."

"मग पहिलं मिळू दे. दुसऱ्यासाठी… थांबाल?"

रेवाने नळी पेटीत ठेवली.

"थांबेन. आधी आकडा कळवते."

"फोन करून कळवा. मेसेज नको."

दुपारी तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"कॅल्शियम," ती म्हणाली, "९.३."