धुळामामाची अर्धी सीट

गाडी सुरू झाली.

झालं, एवढंच सांगायचं होतं. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण विश्वजीतचं आणि माझं ठरलंय, की ती त्या दिवशी आपोआप सुरू झालीच नव्हती.

घटना खरी आहे. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मार्चमधली भर दुपार, आणि तासगावच्या बाहेर वर्धमान अण्णांची द्राक्षबाग. भुताला यायला याहून गैरसोयीची वेळ मी पाहिलेली नाही.

मी सुमंत, डिझेल मेकॅनिक. विश्वजीत माझा मावसभाऊ, ट्रक त्याचा. जुना, पुढं बॉनेट असलेला. आधी त्यावर धुळामामा ड्रायव्हर होते. नात्यातले नव्हेत, सगळ्या रहिमतपूरचेच मामा. गेल्या पावसाळ्यात घरीच, झोपेत गेले. तेव्हापासून विश्वजीत स्वतः चालवतो.

त्या दिवशी ट्रकमध्ये द्राक्षांचे क्रेट भरलेले होते. संध्याकाळपर्यंत रहिमतपूरजवळच्या कोल्ड स्टोरेजला पोचले नाहीत तर माल मऊ पडणार, आणि अण्णांचं वर्ष वाया. गाडी येतानाच मिसिंग मारत, अडखळत आली होती, पांढरा धूर ओकत. माल भरल्यावर तर सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं. उचलायचं नाही.

"सुम्या, हुईल न्हवं?" विश्वजीतनं विचारलं.

"बघतो."

"बघतो म्हंजे?"

"म्हंजे डोळ्यांनी."

टाकीत डिझेल होतं. फिल्टर साफ. इंजिनावरचा हँडपंप मारला तर डिझेलबरोबर बुडबुडे. लाइनमध्ये हवा शिरली होती. टाकीजवळचा वॉशर गेलेला. साधा आजार.

पण हवा काढायला माणसं दोन लागतात. एक इंजिनापाशी, एक केबिनमध्ये. इंजिनापाशी असतो तो नळीचा नट सैल करतो आणि म्हणतो, "मार." केबिनमधला सेल्फ मारतो. फेस जाऊन नुसतं डिझेल आलं, की "बास." मग तो थांबतो. बॉनेट उघडं असल्यामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही. या धंद्यातला हा एक फायदा.

वॉशरच्या जागी तात्पुरता रबराचा तुकडा लावून मी टाकीखालून बाहेर आलो. बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"बसलास का रं?"

...टक टक.

आतून दारावर दोनदा वाजलं.

"मार."

सेल्फ फिरला. नळीतून फेस आला, मग डिझेल.

"बास."

थांबला.

दुसरी नळी. तिसरी. चौथी. नट सगळे शेवटी एकदम आवळायचे. काम लय झकास चाललं होतं. एरवी विश्वजीत 'बास' म्हटल्यावरही थोडा वेळ मारतच राहतो. आज शब्दाला थांबत होता.

"आज बॅटरीची दया आली व्हय रं?"

पाचवी नळीही झाली.

सहाव्या नळीचा नट सैल केला, आणि मागं मोटरसायकल थांबली.

"सुम्या, कुणाला मार म्हनायलायस?"

विश्वजीत होता. हातात कागदाची पुडी.

"तुला."

"मी वॉशर आणाय गेलतो. तू टाकीखाली हुतास, तवा सांगून गेलो की."

"मग आत कोण हाय?"

त्यानं खिशात हात घातला. चावी बाहेर काढली.

आम्ही दोघं त्या चावीकडं बघत राहिलो.

वर्धमान अण्णा बांधावर बसले होते. मी विचारलं, "अण्णा, केबिनात कोण चढलं का?"

"न्हाई बा. तूच एकटा बडबडत हुतास. मला वाटलं, मेकॅनिक लोकं आसंच करत असतील."

...टक टक.

आणि मी, निव्वळ सवयीनं, म्हणालो, "मार."

इंजिन सुरू झालं.

सहाही नळ्या उघड्या होत्या. डिझेल माझ्या शर्टावर उडत होतं. इंजिनात थेंब जात नव्हता. अशा वेळी इंजिन चालत नाही. चालूच शकत नाही.

ते चाललं होतं. मिसिंग नाही, धूर नाही. इतकं गुळगुळीत इंजिन मी आजवर ऐकलेलं नाही.

"धुळामामा आसंच वाजवायचे," विश्वजीत हळू आवाजात म्हणाला. "अंगठीनं. तयार हाय म्हणून."

अण्णा उठले. "चालू झाली न्हवं? मग कुणी केली ते वाटंत इचारा. माल मऊ पडायलाय."

मी नट आवळले. आवाजात काही फरक नाही. बॉनेट खाली घेतलं. समोरची काच मोकळी झाली.

...सीट रिकामी होती.

विश्वजीतनं दार उघडलं. क्लच खालपर्यंत दाबलेला होता. त्यावर पाय नव्हता.

गिअरचा दांडा आपसूक पहिल्यात पडला.

"मी बास म्हणू का?" मी विचारलं. "बंद हुईल."

"आन् परत चालू न्हाई झाली तर?"

त्यानं क्रेटकडं बघितलं. अण्णांकडं बघितलं. चप्पल काढली आणि पायरीवर पाय ठेवला.

"सरका की मामा."

...सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. पलीकडच्या बाजूला.

उरलेल्या अर्ध्या सीटवर तो बसला.

मी क्लीनरच्या जागी, दाराला चिकटून. एका वळणावर विश्वजीतनं घाम पुसायला दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. गाडी वळली. व्यवस्थित, इंडिकेटर देऊन.

"मामांचा हात अजून चांगला हाय," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

विश्वजीतनं परत तोंड पुसलं. तो घाम होता की काय, मी विचारलं नाही.

माल पोचला. एक मणी मऊ नव्हता. बंद करायची वायर ओढली, तर इंजिन बंद होईना. मी उतरून समोर उभा राहिलो.

"बास."

बंद.

त्या दिवसापासून ती गाडी चावीनं सुरू होत नाही. मी पंप उतरवला, बॅटरी बदलली, वायरिंग नवं टाकलं. विश्वजीत रोज सकाळी समोर उभा राहून "मार" म्हणतो, आणि धंदा चाललाय. त्याची बायको मयूरी म्हणते, गाडी विकून टाका. तो म्हणतो, "इकीन की. पर मामाला सांगायचं कुणी?"

मागच्या आठवड्यात फलटणच्या रस्त्याला मला तो दिसला. गाडी कडेला घेतली त्यानं.

आता तो अर्ध्या सीटवर नव्हता. दाराला दाबला गेलेला. एक मांडी अधांतरी, खांदा खिडकीबाहेर. शेजारची सगळी सीट रिकामी... आणि खोल दबलेली.

"विश्वा, मामांना सरका म्हण की."

"रोज म्हनतो," तो म्हणाला. "आता ऐकत न्हाईत."

दाराची कडी मी स्वतः तपासली. मग परत तपासली. घट्ट आहे.

अजून तरी.

सबब, मा. परिवहन अधिकारी साहेबांना नम्र विनंती, की सदर वाहनाचे चालक-आसन, दुसऱ्या चालकाचा परवाना व हयातीचा दाखला न मागता, तातडीने हातभर रुंद करून मिळावे. आणि तोवर वाहन चालू असताना उजव्या बाजूच्या दाराने उघडू नये, असा लेखी आदेश सदर दारास देण्यात यावा.