पाणचक्कीतल्या भुताचं ताट

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या भुताचा बूट हातात घेऊन उभा होता.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. डोंगरावरून धुकं खाली उतरलेलं आणि पाऊस असा की छत्री उघडावी की नको हेच कळू नये. चक्की दाखवायच्या चारच्या फेरीला पर्यटक यायला अजून तासभर होता, आणि त्या तासात पाणचक्कीत माझं एक खासगी काम असतं. म्हणून मी घाईघाईने दार ढकललं... तर आत हा. केस भिजलेले, खांद्याला जुनी कातडी पिशवी, आणि खुंटीवरचा लाकडी बूट दोन्ही हातांत जपून धरलेला.

"हा डाव्या पायाचा आहे," तो म्हणाला. ओळख नाही, नमस्कार नाही.

"हो. आणि तो खुंटीवरच बरा दिसतो."

"तुम्ही याच्या मालकीण?"

"मालकीण बासष्ट वर्षांपूर्वी गेली. मी तिचं काम बघते."

"म्हणजे भुताच्या नोकरीत?"

"फेरी चारला आहे. तोवर बाहेर थांबलात तर बरं होईल."

तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडत होती, आणि खळीवाल्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो. बूट परत टांगताना त्याने टाचेखालच्या तीन खिळ्यांवरून अंगठा फिरवला... जणू ते तिथे असणार हे त्याला आधीच माहीत होतं.

तो गेल्यावर मी माझं खासगी काम उरकलं. उजव्या पायातला मोजा काढला, पाय बादलीत बुडवला आणि जात्याशेजारच्या फरशीवर एक छान ओला ठसा उमटवला.

नाक मुरडू नका. भुतांची ठिकाणं बघत हिंडणाऱ्यांसाठी इटलीतल्या आमच्या पिएमोंते प्रांताची एक पुस्तिका निघते, आणि त्यात आमच्या रोवेग्रा गावाला अर्धं पान आहे. त्या अर्ध्या पानामुळे लोक आमचा घाट चढून येतात आणि मी इथे राहू शकते. ते पान गेलं की मी मिलानला जायचं आणि बहिणीच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे फोन उचलत बसायचं, हे आमच्या घरात ठरूनच गेलं आहे. मला या खोऱ्याबाहेर झोपसुद्धा लागत नाही. तेव्हा पायाचा एक ठसा म्हणजे काही फार मोठं पाप नव्हे, असं मी स्वतःला रोज समजावते.

चार वाजता आठ-दहा जण जमले. मी नेहमीची गोष्ट सांगितली. ओनोरिना ही चक्कीवाल्याची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. सीमेपलीकडच्या एका मजुरावर तिचा जीव जडला. बापाला कळलं, बापाने तिला कोंडलं. एका पहाटे ती खोलीत नव्हती. ओढ्याला पूर आलेला, आणि चक्कीच्या जाळीत अडकलेला तिचा एक बूट... बस. ती काही सापडली नाही. तेव्हापासून पावसाळी दिवसांत इथे अनवाणी पायाचा ठसा उमटतो. एकाच पायाचा.

सगळ्यांनी खाली पाहिलं. एका बाईने नवऱ्याचा दंड धरला. एवढ्यात मागून आवाज आला.

"एक शंका आहे. बूट डावा सापडला ना?"

"हो."

"मग अनवाणी पाय डावा असायला हवा. हा ठसा तर उजव्या पायाचा आहे."

चार वर्षं. चार वर्षं मी तो ठसा उमटवतेय आणि एकाही माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं. माझे कान तापले.

"भुतांना डावं-उजवं कळत नाही," मी म्हणाले. लोक हसले. तोही हसला, खळीसकट, पण नजर माझ्या उजव्या बुटावरून हलवली नाही.

त्याचं नाव इवो. गावात खाणावळ एकच आणि ती चेलेस्तीना मावशीची, त्यामुळे तो तिथेच उतरला होता. मावशी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. मी रात्रीच्या जेवणाला गेले तर तिने मला ओढून चुलीपाशी नेलं.

"पोरी, तो पुस्तिकावाल्यांचा माणूस आहे. लिहून ठेव."

"कशावरून?"

"चौकशा करतो. चक्की कोणाची, बूट कोणाला सापडला, संतांच्या दिवशी ओनोरिनाचं ताट कोण वाढतं. शिवाय मी वाढलेलं सगळं खातो आणि वर छान झालंय म्हणतो. कोणता धड माणूस असं करतो?"

पुस्तिकेचे लोक नाव न सांगता येतात आणि खोट्या जागा यादीतून उडवतात, हे आम्ही ऐकून होतो. त्या दिवसापासून मावशी त्याला कालचा पाव वाढायला लागली. तो तोही खायचा आणि छान आहे म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तो फेरीला परत आला. तिसऱ्या दिवशीही. ठसा मी आता डावा उमटवत होते. त्याने तो पाहिला, भुवई किंचित उचलली, पण बोलला काही नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला.

परतीच्या वाटेवर पाऊस वाढला. त्याने न विचारता छत्री माझ्यावर धरली. स्वतःचा एक खांदा भिजत होता त्याचा.

"तीन दिवस एकच गोष्ट ऐकताय. कंटाळा नाही येत?"

"एकच कुठे? काल ओनोरिना जाताना रडत होती. आज गात होती."

"भुताचा मूड बदलतो."

"आणि सांगणारीचा?"

"सांगणारीचा बदलत नाही."

"मग वाट बघावी लागेल," तो म्हणाला. त्याची भिजलेली बाही माझ्या हाताला लागली. मी हात काढून घेतला नाही... म्हणजे काढणारच होते, पण वाट अरुंद होती. खरं सांगायचं तर इतकी अरुंद नव्हती.

"तुम्ही काय लिहिणार आहात आमच्याबद्दल?" मी एकदाचं विचारलं.

"लिहिणार? मी?" तो थांबला. "मी सुतार आहे, डेल्फिना. महिन्याचा हिशोबसुद्धा माझी बहीण लिहिते."

सुतार म्हणे. त्या रात्री मला त्याची खळी आठवत राहिली आणि स्वतःचीच चीड येत राहिली.

पुढचा दिवस सर्व संतांचा, एक नोव्हेंबर. त्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांसाठी ताट वाढतं. उकडलेले चेस्टनट, राय धान्याचा काळा पाव, दूध, थोडी वाइन. मग दार नुसतं लोटायचं आणि सगळ्यांनी दफनभूमीत जायचं. घर रिकामंच हवं, कारण जिवंतांच्या डोळ्यांसमोर जेवायला मेलेल्यांना संकोच वाटतो. परतायची वेळ झाली की आधी चर्चची घंटा होते, म्हणजे त्यांना उठायला सवड मिळते. चक्कीवाल्याच्या घरात कोणी उरलेलं नाही, म्हणून ओनोरिनाचं ताट मावशी वाढते. बासष्ट वर्षांत एकदाही चुकलेली नाही. दोघी जिवलग मैत्रिणी होत्या, आणि त्या मजुराबद्दल ओनोरिनाच्या बापाला मावशीनेच सांगितलं होतं. मावशी याबद्दल कधी बोलत नाही, ताट तेवढं वाढते.

सकाळी तिने मला इवोच्या खोलीत टॉवेल ठेवायला पाठवलं. खोली रिकामी होती. खुर्चीवर ती कातडी पिशवी, तोंड अर्धवट उघडं. मी बघणार नव्हते. पण आतून लाकूड डोकावत होतं... गुळगुळीत, काळपट, टाचेखाली तीन खिळे.

माझा बूट.

चोर, मी मनात म्हणाले, आणि बूट काखेत मारून गावातून धावत सुटले. चक्कीचं दार ढकललं, खुंटीकडे पाहिलं...

बूट खुंटीवर होता.

मी हातातल्याकडे पाहिलं. हा उजवा होता.

"दार उघडंच टाकून पळालीस," मागून इवोचा आवाज आला. तोही धापा टाकत होता. मला एकदम "तू" म्हणाला, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

"हा कुठून आणलास? कोण आहेस तू?"

त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि भिंतीवरच्या बुटाशेजारी धरला. तेच लाकूड, तीच झीज, तेच तीन खिळे.

"ओनोरिना माझी आजी," तो म्हणाला. "त्या पहाटे ओढा ओलांडताना डावा बूट निसटला. तशीच एका पायाने अनवाणी खिंड चढून पलीकडे गेली. तिथे माझे आजोबा उभे होते. चार मुलं झाली, नऊ नातवंडं. या मार्चमध्ये वारली, झोपेत."

मी जात्यावर बसले.

"पण तिने कळवलं का नाही?"

"कळवलं होतं. बापाने पत्र न फोडता परत पाठवलं. मुलगी पळाली म्हणण्यापेक्षा बुडाली म्हणणं त्याला सोपं गेलं असेल. नंतर सीमेवरून ये-जा करणाऱ्या एका दूधवाल्याकडून तिला कळलं की चेलेस्तीना तिचं ताट वाढते. ती खूप हसली आणि मग खूप रडली, असं आई सांगते. परत यायचं तोंड उरलं नाही म्हणायची. पण दर एक नोव्हेंबरला ती घरी जेवायची नाही. म्हणायची, आज माझं जेवण रोवेग्रात आहे."

पण संशय इतक्या लवकर मरत नाही.

"पहिल्याच दिवशी हे का नाही सांगितलंस?"

"तू माझ्या आजीला रोज चार वाजता बुडवत होतीस. राग आला होता मला. दुसऱ्या दिवशी आलो तोही रागातच."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी... राग शोधत आलो होतो. सापडला नाही."

बाहेर ओढ्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, आणि जे पोटात होतं तेच बाहेर पडलं. "ती बुडालीच नाही तर माझ्याकडे भूत कुठलं? लोक कशाला घाट चढतील? मला मिलानला जावं लागेल, इवो."

"भूत आहे की. मार्चपासून," तो म्हणाला. "आतापर्यंत नव्हतं."

मावशीला सांगायला आम्ही दोघं गेलो. ती चेस्टनटांना चिरा देत होती. मी अडखळत अडखळत सगळं सांगितलं आणि इवोने उजवा बूट तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उलटा केला, तिन्ही खिळे बोटाने मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिला काही होईल या भीतीने मी पाणी आणायला उठले.

"बस खाली," ती म्हणाली. डोळे पुसले. "म्हणजे बासष्ट वर्षं मी एका जिवंत बाईचं ताट वाढलं."

"हो, मावशी."

"तरीच एवढी जगली." मग इवोकडे वळून म्हणाली, "आणि तू, मी कालचा पाव वाढत होते तर तोंड का नाही उघडलंस? अगदी तिच्यावर गेलायस, मुखदुर्बळ."

संध्याकाळी चक्कीत ताट मावशीने वाढलं, दूध इवोने ओतलं. दोन्ही बूट ताटाशेजारी जोडीने ठेवले. फरशी मी स्वतः कोरडी पुसली, कारण आज खोटेपणा नको होता. दार लोटलं आणि आम्ही गावाबरोबर वर गेलो. मावशी तिच्या बहिणींच्या थडग्यापाशी थांबली. आम्ही दोघं कुंपणाच्या भिंतीवर बसलो. खाली सगळं गाव रिकामं, प्रत्येक खिडकीत एक दिवा, आणि भुरभुर पाऊस.

"उद्यापासून खरं सांगणार आहे मी," मी म्हणाले. "ती खिंड चढून गेली आणि सुखाने म्हातारी झाली, असं. पुस्तिकावाले पान काढून टाकतील."

"टाकू देत. मी आहे ना ऐकायला."

"तू परत जाणार."

"चक्कीचं चाक मोडलंय. सुताराला तिथे वर्षभराचं काम आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "सुताराला ठेवून घ्यायचं की नाही, ते तू सांग."

मी त्याचा गार हात माझ्या कोटाच्या खिशात ओढून घेतला, बस. थोड्या वेळाने तो छत्री विसरली म्हणून खाली पळाला आणि धापा टाकत परत आला. मग घंटा झाली.

चक्कीचं दार आम्ही हळूच उघडलं. ताट होतं तसंच होतं. दोन्ही बूटही जागेवर होते. आणि जात्याशेजारी, मी पुसलेल्या कोरड्या फरशीवर, एक ओला ठसा होता.

डाव्या पायाचा.

मावशीने क्रूसाची खूण केली आणि कुजबुजली, "आलीस होय गं..." तिचा चेहरा असा उजळला की बासष्ट वर्षांचं ओझं तिथल्या तिथे उतरलं.

मी मात्र ठशाकडे बघत राहिले. मोठा होता तो, कोणा बाईचा वाटेना. मग मी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांकडे पाहिलं. त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती, आणि छत्री तर त्याने खालून आणलीच नव्हती.

"इवो," मी हळूच म्हणाले.

"काय?" खळी. अगदी साळसूद चेहरा.

"तुझ्यावर माझा कधीच विश्वास बसणार नाही."

"म्हणजे सुतार ठेवायचा?"

"ठेवायचा," मी म्हणाले, आणि मावशीला दिसू नये म्हणून वाकून त्याची नाडी बांधली.