सत्तेचाळीस नंबरचा कागद

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतला सत्तेचाळीस नंबरचा कागद तेवढा गायब होता.

तपास अधिकाऱ्यांनी खुर्चीत अंग टाकलं. हातपंपाच्या या कारखान्याने गळतीवरचा उपाय बाहेरच्यांकडून मागवला होता. ज्याचा उपाय, त्याचं नाव पंपावर, असा शब्द दिला होता. असे शब्द फिरवल्याची ही यंदाची चौथी चौकशी. त्यांना आता चिडायचाही कंटाळा आला होता.

कागद सांभाळणाऱ्या कारकुनाला मात्र संध्याकाळपर्यंत कागद सापडला नाही तर घरी बसावं लागणार होतं.

"चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. मुख्य इंजिनिअरसाहेबांनी मागितली, तर नाही कसं म्हणू?"

इंजिनिअरसाहेबांनी कानावर हात ठेवले. "मी तो कागद पाहिलाही नाही. मला गरज काय? गळतीवर माझं स्वतःचं वॉशर तयार आहे."

त्यांनी नकाशा पुढे सरकवला. व्यास पासष्ट मिलिमीटर.

"नव्या पंपासाठी?"

"अर्थात. दोन वर्षं घासलीत त्यावर."

भिंतीवर नव्या पंपाचा तक्ता होता : नळी आतून त्रेसष्ट. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून अधिकाऱ्यांनी तो वाचला.

सत्तेचाळीस नंबर पाठवणाऱ्या बाई फाटकाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पंपदुरुस्ती हाच त्यांचा धंदा.

"तुमच्या वॉशरचं माप कुठून घेतलंत, ताई?"

"पासष्ट ना? दुरुस्तीला आलेल्या पंपाचं. नवा पंप माझ्याकडे कशाला येईल? धडधाकट माणूस दवाखान्यात जातो का?"

अधिकारी भंगारातून एक जुनी नळी घेऊन आले. सगळ्यांना बोलावून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मोजली. पासष्ट.

"वापरून वापरून नळी आतून झिजते," ते थकल्या आवाजात म्हणाले. "ताईंनी आयुष्यभर झिजलेलेच पंप पाहिले, त्यामुळे त्यांचं माप दोन मिलिमीटरने चुकलं. पण साहेब, तुमच्या दारात नव्या पंपांची रांग आहे. तुमचं वॉशर त्यातल्या एकातही शिरणार नाही. ही चूक तुमच्या हातून होणं शक्यच नव्हतं. ती तुम्ही उचललीत, मोजून पाहायचे कष्टही न घेता."

इंजिनिअरसाहेबांनी आपल्या टेबलाचा खण उघडला आणि कागद काढून दिला. कारकुनाला एकदम रडू आलं.

बाईंनी कागद सारखा केला. "नाव मागाहून घाला. आधी एक नवा पंप उघडून दाखवा, माप सुधारून देते."

"हे आधीच का नाही मागितलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मागितलं होतं. फाटकावर म्हणाले, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."