तीन सेंटिमीटर

"मला सोडवा असं नाही म्हणत मी," सायकल-मिस्त्री म्हणाला. "माझ्या हातून झालं की नाही, तेवढंच सांगा."

तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. त्याची नखं स्वच्छ होती. महिनाभर हत्याराला हात लावला नाही तरच मिस्त्रीची नखं अशी होतात, हे वहिनींनी पाहून ठेवलं.

वहिनी पूर्वी वजनमापांच्या प्रयोगशाळेत होत्या. आता खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला त्यांचे दीर असत, आणि ते 'वहिनी' म्हणत म्हणून सगळेच म्हणत.

"सायकल तुम्हीच बांधलीत?"

"हो. डोंगरात चालवायची सायकल. मूळ चाकं साडेसत्तावीस इंची. त्या पोराला पुढचं एकोणतीसचं हवं होतं, शर्यतींसाठी, कारण मोठं चाक दगडांवरून सरळ जातं. एकोणतीसचा चिमटा मिळेना. मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण 'काका, काका' करून मागं लागला, आणि मी जुन्याच चिमट्यात मोठं चाक बसवून दिलं."

"चिमटा?" भाऊजींनी विचारलं.

"पुढचं चाक धरतो तो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दोन पाय, वर माथा. पायांत स्प्रिंग असते, खड्डा आला की दबते. लहानपणी सायकल चालवली नाहीत का?"

"चालवली. पण सगळा भर पडण्यावर होता."

मिस्त्री हसला नाही. "टायर आणि माथा यांच्यामध्ये नऊ सेंटिमीटर जागा उरली. स्प्रिंग दबते दहा."

"म्हणजे पूर्ण दबली, तर टायर माथ्यात अडकणार. चाक जागच्या जागी थांबणार."

"आणि माणूस पुढं फेकला जाणार. तसाच गेला तो, महिन्यापूर्वीच्या रविवारी, उतारावर. पण मी आत अडसर घातला होता, वहिनी. चिमट्यातल्या दांड्यावर पांढऱ्या नायलॉनचा नळीसारखा तुकडा, बरोबर तीन सेंटिमीटरचा. मग स्प्रिंग सातच दबते, दोन शिल्लक राहतात. पोलिसांनी चिमटा उघडला, तर आत तुकडा नाही. सगळे म्हणतात, घातलाच नव्हता. सोमवारी सुनावणी आहे. आता मलाही वाटायला लागलंय, की नसेलच घातला."

"दिसला तर ओळखाल?"

"कापताना करवत घसरली होती. एका टोकापाशी तिरपा चर पडलाय. हजारांत ओळखेन."

"आत काय आहे, ते त्याला सांगितलं होतंत?"

"चिमटा उघडू नकोस, म्हणालो होतो."

"का, ते?"

मिस्त्रीनं नकारार्थी मान हलवली. "मी सांगितलं तेवढं पुरे, असं वाटलं."

गेलेल्या पोराचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बहिणीनं त्यांना गच्चीत नेलं. पोलिसांनी परत केलेली सायकल चादरीखाली होती.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. माथ्याच्या खालच्या अंगाला रबराचा काळा पट्टा उमटला होता. मग त्यांनी पट्टीनं चिमट्याचा पाय मोजला. सात सेंटिमीटरवर चिखल-तेलाची अर्धवट पुसलेली रेघ होती. रेघेखाली धातू ओरखड्यांनी मंद झाला होता. वरचे तीन सेंटिमीटर आरशासारखे, त्यावर मोजून चार-पाच ओरखडे.

"त्या शेवटच्या आठवड्यात तो कसा होता?"

"खूश," बहीण म्हणाली. "'ताई, टक् टक् गेली एकदाची,' म्हणाला. मोठ्या खड्ड्यात चिमटा वाजायचा म्हणे. मी म्हटलं होतं, काकांना दाखव. तर म्हणे, आधीच त्यांच्या इतकं डोकं खाल्लंय, आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

वडील आत खुर्चीत होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

"त्या माणसानं पाठवलं तुम्हाला? जाऊन सांगा त्याला. रोज साडेचारला मी त्याच्या दुकानासमोर उभा राहतो. तो तुरुंगात जाईपर्यंत राहणार."

"बाबा, त्या तपासायलाच आल्यात."

"तपासायचं काय उरलंय?"

"तीन जिने रोज उतरता?" वहिनींनी विचारलं.

"उतरतो. आधी काठीच्या टोकाचं रबरी बूच सैल होतं, पाऊल टाकायची भीती वाटायची. पोरानं नीट करून दिली. जाण्याआधीच्या मंगळवारी. तेवढंच शेवटचं."

वहिनींच्या हातातली पेन्सिल पडली. ती उचलायला त्या वाकल्या, आणि जरा जास्तच वेळ वाकलेल्या राहिल्या.

पोराचा सायकल-शर्यतीतला जोडीदार काचेच्या दुकानात काच कापत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"चिमटा उघडायचा लांब पाना माझ्याकडेच आहे. आणि नेहमी दुसरा येणारा मी, आता संघात त्याच्या जागी आहे. हेच विचारायला आलात ना?"

"पाना शेवटचा कधी वापरलात?"

"मी नाही. सोमवारी त्यानं नेला, बुधवारी परत दिला. पुसून, तेल लावून." काच सरळ रेषेत तुटली. "त्याच्यावर जिंकायचं होतं मला एकदा तरी. आता कोणावर जिंकू?"

रस्त्यावर येताच भाऊजी म्हणाले, "हाच! गेलेल्याचं नाव पुढं करणं सोपं. तो काही नाही म्हणायला येत नाही."

"म्हणून त्याच्या वतीनं आपण तपासायचं, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला ते मिस्त्रीच्या दुकानात होते. शटर अर्धं खाली होतं. फडताळात पाने आकारानुसार लावलेले होते आणि त्यांच्यावर धूळ होती.

"तुकडा तुम्ही घातला होतात," वहिनी म्हणाल्या. "चिमटा जिथवर दबतो तिथवर पायावर ओरखडे पडतात. ते सातपर्यंत दाट आहेत, कित्येक महिन्यांचे. वरच्या तीनवर चारच दिवसांचे. म्हणजे आधी अडसर होता आणि शेवटच्या आठवड्यात निघाला."

मिस्त्रीनं डोळे मिटले. भाऊजींनी घाईनं विचारलं, "जोडीदारानं काढला?"

"त्यानं गुपचूप काढला असता, तर पोराला ते कळलं नसतं. पण पोरानं बहिणीला सांगितलं, टक् टक् गेली. चिमटा उघडलाय हे त्याला माहीत होतं. पाना सोमवार ते बुधवार पोराकडेच होता. मिस्त्री, ती टक् टक् कशाची होती?"

"तुकड्याची," मिस्त्री पुटपुटला. "तळाला टेकला की वाजणारच."

"दर वेळी वाजला तेव्हा तो त्याला वाचवत होता. त्याला वाटली खराबी. आत एक पांढरा तुकडा सापडला. तुमच्याकडून चुकून राहिला असावा, असं समजून त्यानं काढला असणार. तुम्हाला बोललाही नाही. का, ते मी सिद्ध करू शकत नाही."

"पण तुकडा कुठंय?" भाऊजी म्हणाले. "त्याशिवाय न्यायालय ऐकेल?"

"त्या मंगळवारी घरात आणखी एक वस्तू दुरुस्त झाली." वहिनींनी घड्याळ पाहिलं. "शटर वर करू नका. खालून बघा."

साडेचारला शटरखालच्या फटीत दोन चपला येऊन थांबल्या. त्यांच्या शेजारी काठीचं टोक टेकलं. रबरी बुचाच्या वर, लाकडावर घट्ट बसलेली पांढरी कडी होती. तीन सेंटिमीटर उंच. खालच्या कडेला तिरपा चर.

मिस्त्री उकिडवा बसला होता. त्याचा हात पुढं गेला आणि शटरच्या आतच थांबला.

"आहेस ना आत?" बाहेरून आवाज आला.

"आहे."

"असायलाच हवंस."

थोड्या वेळानं काठी उचलली गेली. पावलं दूर गेली, सावकाश, एका लयीत.

"बोलवा त्यांना!" भाऊजी म्हणाले. "अहो, सोमवारी तुमची…"

"तुम्हाला उत्तर मिळालं, मिस्त्री," वहिनी म्हणाल्या. "लेखी हवं का?"

मिस्त्री अजून त्या फटीकडे पाहत होता. "काठी डगमगत होती का आत्ता?"

"नाही."

"मग नको."

"मी स्वतःहून सांगणार नाही. पण न्यायालयानं विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

"तुम्हाला विचारणार कोण?" तो उठला. "आणि 'उघडू नकोस' म्हणालो, पण का, ते मी सांगितलं नाही, वहिनी. ते तुमच्या मोजमापानं बदलतंय का?"

वहिनींनी पट्टी पिशवीत ठेवली. नाही, असं म्हणणं अचूक झालं असतं.

दोघं वाकून बाहेर आले. त्यांच्यामागं मिस्त्रीनं शटर आतून जमिनीपर्यंत ओढून घेतलं.