कांशाचा कान

निवेदिता, तू अशी माझ्या डाव्या हाताला बैस. उजव्या बाजूने बोललीस तर सगळं फुकट जाईल. चहा नंतर घेऊ. आधी ऐकून घे, मग मामाला वेड्यात काढायचं तर खुशाल काढ.

मागच्या महिन्यात मी पडाव चौकातल्या कुरिअरवाल्याकडून एक पुडकं आणायला गेलो. माझा छंद तुला ठाऊक आहेच. जुन्या रोमन लोकांच्या कांशाच्या बारीकसारीक वस्तू: किल्ल्या, फासे, बोटभर घंटा. दिल्लीची गरिमा नावाची मुलगी त्या विकते आणि पेन्शन आली की मी एखादी घेतो. या खेपेला आला होता कान. अंगठ्याएवढा, हिरवट पडलेला, वर टांगायला भोक.

घरी आलो तर पडदे ओढून अंधार केलेला. बाहेर लू, तो भाजून काढणारा वारा, वाहत होती. आत कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. तापाच्या दुखण्यात तुझ्या मामीचे दोन्ही कान गेले, ते तू पाहिलंच आहेस. मशीनचाही उपयोग झाला नाही. ती ओठ बघून बोलणं ओळखायची. अंधारात आमचं बोलणंच खुंटायचं, भांडायलासुद्धा दिवा लावावा लागे. हसू नकोस. त्या घरात मी फार एकटा पडलो होतो.

मी दिवा लावून तिला सांगितलं, "कुणाचा तरी कान बरा झाला असेल, म्हणून त्याने हा देवाला वाहिला. आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो ना, तसं."

पद्माने तळहातावरचा कान लगेच खाली ठेवला. "अहो, वाहिलेली वस्तू कुणी घरी आणतं का? परत करा."

"हजारो वर्षं झाली. आता कोण मागायला येतंय?"

थट्टेची लहर आली. मी तो कान तोंडाशी धरला आणि म्हणालो, "माझ्या पद्माला ऐकू येऊ दे."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. "आणि वाहणार काय, ते? नवस असा अर्धा बोलू नये."

मी हसलो. कपाटात एक खिळा ठोकला आणि कान त्यावर टांगला.

दुसऱ्या दुपारी बत्ती गुल झाली. कूलर थांबला आणि त्याच्या टाकीत पडणारं पाणी तेवढं टपटपत राहिलं. पद्मा अंथरुणात उठून बसली.

"कोण बोलतंय...?"

मला इतका आनंद झाला! तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी जोरात हाक मारली. तिला पत्ताच नाही. ती कपाटाकडे बघत होती.

"म्हातारा माणूस आहे... तिकडे, आत."

मी मोबाइलचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरला. "काय म्हणतोय?"

"भाषा कळत नाही... पण काहीतरी मागतोय. एकच शब्द... पुन्हा पुन्हा."

मी कपाट उघडलं. आत कानाशिवाय काही नव्हतं. विझलेल्या धुपाचा वास मात्र येत होता, आणि कान हाताला गरम लागला. माझी पाचावर धारण बसली. सकाळी उठून तो डबीत घातला, डबी चिकटपट्टीने बंद केली आणि गरिमाला परत पाठवून दिली.

पुडकं दिल्लीला पोचलं त्याच दिवशी पद्माचा उजवा कान उघडला. भाजीवाल्याची हाक ऐकून ती दारातच रडायला लागली. मीही रडलो. "अहो, तुमचा आवाज किती म्हातारा झालाय," म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने उजव्या कानाला लावला. पलीकडे कुणीच बोलेना. डाव्या कानाला लावला तर गरिमा बोलतच होती.

"अंकल, आपने दो कान भेज दिए. एक तो वही पुराना है. दूसरा बिल्कुल नया लग रहा है, एकदम चमकता हुआ... और ऊपर की तरफ बाली का छेद भी है."

माझा हात उजव्या कानाकडे गेला. लहानपणी टोचलेलं भिकबाळीचं भोक, ज्यात तू काडी घालून बघायचीस. कान जागेवर होता. भोक नव्हतं.

"वापस भेज दूँ?" तिने विचारलं.

स्वयंपाकघरात पद्मा कुकरच्या शिट्ट्या ऐकत उभी होती, नुसत्या ऐकत. माझं परत आणलं तर तिचं जाईल, हे मला कुणी सांगायला नको होतं. "रख लो, बेटा," मी म्हणालो. एका कानाचा सौदा मला महाग वाटला नाही.

आज सकाळी मात्र ती चहा घेऊन दारातच थबकली. "अहो... तो म्हातारा आता माझ्या डाव्या कानात बोलायला लागलाय."

मी कपाट उघडलं. माझ्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा होता. जुना, हिरवट. पद्मा म्हणते, पहाटे कुणीतरी ठोकत होतं, तिला वाटलं मीच. मी तिच्या शेजारी जागाच पडलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.

म्हणून तुला बोलावून घेतलं. तू आपली बोलत राहा, काहीही बोल. आणि निवेदिता, मघापासून असे नुसते ओठ का हलवते आहेस?