निऱ्यांना सुरकुत्या म्हणणारा मुलगा

ओढणीची उशी करून जरा डोकं टेकवलं, तर रिनाचा डोळाच लागला. जाग आली तेव्हा समोरच्या बाकावरचा एक अनोळखी मुलगा तिच्याकडे बघत होता... आणि बघत नसल्याचं फार वाईट सोंग करत होता.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“तुमच्या गालावर...” त्यानं स्वतःच्याच गालावर बोट फिरवलं. “रिंकल्स आल्या. मराठीत काय म्हणतात... हां, सुरकुत्या.”

“म्हातारी दिसून राह्यली काय मी तुम्हाले?”

तो इतका गडबडला, की त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. रिना हसली. मूल गावच्या बुद्धविहारातल्या त्या अभ्यासिकेत मोठ्यानं हसायला बंदी होती. मागच्या बाकावरून दिव्यानीनं, तिच्या मैत्रिणीनं, डोळे वटारले.

मुलाचं नाव श्रावण. सिरोंच्याचा. घरी तेलुगू, शाळाही बरीचशी तेलुगूच. वनरक्षकाच्या भरतीसाठी मूलला मामाकडे येऊन राहिला होता. मामा राइस मिलमध्ये कामाला. श्रावण आला की त्याच्या शर्टाला कोंड्याचा वास यायचा, आणि तो वास आला की रिनाचं वाचनातलं लक्ष उडायचं. ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तिचं इंग्रजी कच्चं, त्याचं मराठी. मग काय, दोघांनी शब्दांची देवाणघेवाण सुरू केली.

“रिंकल, क्रीज, फोल्ड,” तो समानार्थी शब्द घडाघडा म्हणायचा. “तुमच्यात?”

“चेहऱ्यावर सुरकुती. कपड्याले चुणी. कागदाले घडी. आणि बाबा माह्यावर चिडले, का त्यांच्या कपाळावर पडते ते आठी.”

“एवढे? आमच्यात मुडत म्हटलं, की चेहऱ्याचं भागते, कपड्याचंही भागते.”

“आणि साडीच्या निऱ्या?”

“त्याले कुच्चिळ्ळु.”

“काय?”

“कुच्चिळ्ळु.”

तिनं म्हणून बघितलं. जमलं नाही. पुन्हा म्हटलं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, मग एकदम पुस्तकात शिरला.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

चौदा एप्रिलच्या रॅलीत रिना पांढरी साडी नेसून निघाली. चौकात श्रावण लोकांना मठ्ठा वाटत होता. तिला पाहिलं आणि पेला भरून वाहू लागला तरी तो ओततच राहिला.

“आज साडीच्या सुरकुत्या मस्त जमल्या,” तो म्हणाला.

पोरींचा एकच हशा पिकला. सर्वांत जास्त रिना हसली. श्रावणही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रिनाला ते दिसलं. दिसूनही ती दिवसभर भेटेल त्याला ‘सुरकुत्यां’चा किस्सा सांगत फिरली... कारण त्या निमित्तानं त्याचं नाव घेता येत होतं. हे तिला ठाऊक होतं. त्याला कसं असणार?

पावसाळा सरता सरता भरतीचा निकाल लागला. श्रावणचं नाव आलं. नेमणूक आलापल्लीला.

निघायच्या दिवशी रिना बसस्टँडवर गेली. गडचिरोलीची बस लागलेली होती. श्रावणनं बॅग खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. वाक्य पाठ करून आला असावा.

“रिना, मी घरी सांगितलो. अम्माले, नान्नाले. तू मले पसंत हाय. तुझ्या बाबांले भेटाले येऊ?”

तिला हो म्हणायचं होतं. एवढासा शब्द. पण अशा वेळी तोंडाला सवय होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

“‘सांगितलो’ नाई, ‘सांगितलं’,” ती म्हणाली. “आणि आधी ‘पसंत’चे समानार्थी शब्द सांग, मंग पाहू.”

तो हसला नाही.

“माही मराठी हसासारखीच हाय,” एवढंच म्हणाला, आणि बसमध्ये चढला. खिडकीची जागा रिकामी असून पलीकडच्या बाजूला बसला.

संध्याकाळपर्यंत फोन येईल, असं तिला वाटलं. आला नाही. मग रुसवा आला, रुसव्यातून ताठा. मेसेज लिहायची, खोडायची. आधी त्यानं करावा, असं मनाशी म्हणायची. दिवाळी गेली. धानाची कापणी झाली.

एका दुपारी सुपात तांदूळ निवडता निवडता आई, अंजनाबाई, सहज म्हणाली, “तो सिरोंच्याचा पोरगा आलाच नाई गं मंग? तुहे बाबा म्हणत होते, पोरगा चांगला हाय. इचारलं तर हो म्हणू.”

रिना तशीच उठून आत गेली. अडवायला कुणीच नव्हतं. जात नाही, भाषा नाही, बाबाही नाहीत. होती ती एकटी तीच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती आलापल्लीला निघाली.

श्रावण सागवानाच्या डेपोत भेटला. अंगावर खाकी, चेहरा उन्हानं रापलेला. तिला पाहून क्षणभर त्याचं तोंड उजळलं, आणि लगेच... विझलं. त्यानं तिला सावलीत बसवलं, पाणी आणून दिलं.

“त्या दिवशी मी तुह्या मराठीले नाई हसली,” रिना म्हणाली. “मले भेव वाटलं होतं. मले तू आवडत होता. आताही आवडते.”

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“मागच्या महिन्यात माहं लग्न ठरलं, रिना,” तो म्हणाला. मराठी आता किती सफाईनं बोलत होता. “अंकिसा गावची मुलगी हाय. तिनं होकार देताना एक शब्द जास्तीचा नाही बोलला. तिले मी आता काय सांगू?”

“काही नको सांगू.”

“त्या दिवशी हे फोनवर म्हटलं असतं तरी मी त्याच बसनं परत आलो असतो.”

“माहीत हाय,” ती म्हणाली. माहीत नव्हतं. आत्ताच कळलं होतं.

तो तिला बसपर्यंत सोडायला आला. “जपून जा,” तो म्हणाला. तिनं मान हलवली. आज दोघंही एकमेकांकडे सरळ बघत होती, बस वळेपर्यंत.

आष्टीला बस चहासाठी थांबली, तेव्हा फोनला रेंज आली आणि लगोलग दिव्यानीचा कॉल.

“काय झालं वं? भेटला? काय म्हणाला?”

एरवी रिनानं काहीतरी गंमत केली असती. जिभेवर आलीही होती. तिनं ती गिळली.

“उशीर झाला, दिव्यानी,” ती म्हणाली. “मीच केला.”

आणि मग, भर स्टँडवर, चहाचा ग्लास हातात धरून, तिनं पोटभर रडून घेतलं.