शेजारी चमचा ठेवा

त्या दोघांची ओळख झाली ती एका चमच्यामुळे.

ती जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर कामाला होती. कुणी 'लेखकाची सही असलेली प्रत' किंवा 'पहिली आवृत्ती' म्हणून पुस्तक विकायला टाकलं, की ती जाहिरात आधी तिच्या टेबलावर यायची. फोटो दुसरीकडून उचललाय का, आवृत्तीचं पान मुद्दाम झाकलंय का, सही पेनानं केलेली की छापलेली, हे सगळं तिनं बघायचं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, म्हणून ऑफिसात तिला चाळणी म्हणायचे. आणि पुस्तक खरंच विकणाऱ्याच्या हातात आहे ना, हे कळायला तिची एक युक्ती ठरलेली... पुस्तकाशेजारी एखादी वस्तू ठेवून नवा फोटो मागवायचा.

त्या दिवशी वस्तूच सुचेना. समोर चहाचा कप होता, तेव्हा तिनं लिहून टाकलं, "शेजारी चमचा ठेवा."

फोटो आला. पुस्तक होतं, चमचा होता, आणि चमच्याच्या पोटात फोटो काढणारा उलटा दिसत होता. विस्कटलेले केस, एक डोळा मिटलेला, ओठांवर हसू. खाली मजकूर होता, "पहिली आवृत्ती. सही नाही. चमच्यावरही नाही."

ती हसली. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं मान वर करून पाहिलं.

तो एका पुस्तकाच्या दुकानदाराचा पुतण्या. काका गिऱ्हाइकं बघायचे, हा ऑनलाइनचं बघायचा. मग काय, जाहिराती येत राहिल्या. तिनं लिंबू मागितलं, त्यानं लिंबू ठेवलं. किल्ली मागितली, तर किल्ली आणि वर प्रश्न.

"आज कुलूप नको?"

"वस्तू एकच पुरते."

"आमच्याकडे काकाही आहेत. पण ते एका जागी बसत नाहीत."

आता तिचं असं झालं, की सकाळी आल्याआल्या ती आधी त्याचंच नाव शोधायची. नाही दिसलं की उगाच पेन उघडझाक करायची, पाणी प्यायला उठायची, परत बसायची.

आणि एके दिवशी ती जाहिरात आली. 'लेखिकेनं आमच्या दुकानात बसून सही केलेली प्रत. काकांच्या काचेच्या कपाटातली.'

तिनं सही मोठी करून पाहिली. ही सही तिनं आधी पाहिली होती, दुसऱ्याच कुणाच्या प्रतीत. तोच तिरकेपणा, शेवटच्या अक्षराची शेपटी त्याच ठिकाणी तुटलेली. माणसाचा हात दोनदा इतकं तंतोतंत लिहीत नाही. सही छापलेली होती, त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत.

एरवी तिनं 'दिशाभूल' असा शेरा मारून पुढची जाहिरात उघडली असती. आज बोट हलेना. शेरा मारला, तर आपल्या काकांना हिनं खोटं ठरवलं असं त्याला वाटणार. मग कुठला चमचा आणि कुठलं लिंबू... आणि सोडून दिली, तर कुणीतरी बिचारा विश्वासानं छापील सही घरी नेणार, तीही तिच्या मंजुरीवर. तिला दोन्ही सोसणार नव्हतं.

"चाळणीची भोकं मोठी झाली वाटतं," मैत्रीण म्हणाली. "सकाळपासून एकच पान उघडं आहे."

"मी जरा जाऊन येते."

"भिंग घेऊन? आणि केस विंचरून?"

दुकान अरुंद गल्लीत होतं. वारा सुटला होता, दारातली मासिकं फडफडत होती. ती दोनदा दारावरून पुढे गेली आणि दोनदा परत आली.

"काही हवंय का?" आतून कुणीतरी विचारलं. केस तसेच विस्कटलेले. सरळ उभा असलेला तो जास्त बरा दिसत होता.

"चमचा आहे का?" ती म्हणाली.

तो बघतच राहिला. मग कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही... बसा ना. काका, या त्या वेबसाइटवाल्या."

काकांनी कौतुकानं कपाट उघडलं. तिनं पान उजेडात तिरकं धरलं. मागून बोट फिरवलं, पेनाचा दाब कुठेच लागेना. भिंगाखाली रेघेचे बारीक बारीक ठिपके झाले. तिनं भिंग खाली ठेवलं.

"काका, ही सही छापलेली आहे. मला ही जाहिरात नाकारावी लागेल." मग त्याच्याकडे न बघता, "तुम्हाला राग येईल, म्हणून सांगायला स्वतः आले."

त्यानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिला वाटलं, झालं, संपलं.

काका मात्र स्टुलावर बसले. "आली होती गं ती लेखिका. इथंच, या स्टुलावर. पाणी प्यायली, पुस्तकं चाळली. हे पुस्तक माझ्या हातात होतं, पेन खिशात होतं. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. ती गेली. मग लोक विचारायचे, तेव्हा मी छापलेल्या सहीकडे बोट दाखवायचो." त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. "मागितलंच नाही मी. आणि एवढी वर्षं त्याचंच वाईट वाटतंय."

बाहेर मासिकं फडफडत राहिली.

"तुम्ही," तो एकदम म्हणाला, "तुम्ही रोज माझ्याकडे काहीतरी मागता. आज मी मागू?"

"काय?"

"मला तुमच्या निरोपाची वाट बघवत नाही हो. दुकानात बसवत नाही, घरी बसवत नाही. तुम्ही रोज भेटा. पुस्तक असो, नसो..."

"मला वाटलं, मी एकटीच येरझारा घालतेय," ती म्हणाली. "भेटेन. मलाही तेच हवंय."

काका उठून बाहेरची मासिकं आवरायला गेले. ती आवरायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती जाहिरात नव्यानं आली. 'सही छापील आहे. लेखिका दुकानात आली होती, हे खरं.' त्याची जाहिरात मी आता तपासणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं, म्हणून जाहिरात मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीनं फोटो उघडला. पुस्तक, शेजारी चमचा. आणि चमच्याच्या पोटात आज दोन माणसं उलटी उभी होती, अगदी जवळजवळ.

मैत्रिणीनं फोटोतला चमचा मोठा केला, चाळणीकडे एकदा नीट पाहिलं, आणि 'मंजूर'वर बोट ठेवलं.